चित्रातलं कोपऱ्यावरचं घर

मी ज्या आर्किटेक्टकडे नोकरीला होतो त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. सोलापुरात नवी पेठेमागच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. साहेब, एक ड्राफ्ट्समन आणि मी, एवढीच माणसं. साहेब इमारतीचा विचार करायचे, ड्राफ्ट्समन टी-स्क्वेअर लावून रेषा मारायचा, आणि ती इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल याचं मोठं रंगीत चित्र मी करायचो. गिऱ्हाइकाला नकाशा कळत नाही. त्याला चित्र दाखवावं लागतं. चित्र आवडलं की तो नकाशावर डोळे मिटून सही करतो.

मी मूळचा मंद्रूपचा. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि सोलापुरात येऊन एका पेंटरच्या दुकानात पाट्या रंगवायला लागलो. चादरींच्या गठ्ठ्यांवर चिकटवायची लेबलं काढायचो, कमळं आणि वाघ. एका दूध डेअरीच्या पाटीवर मी म्हैस काढली होती आणि तिच्या पाठीवर बसून तिच्या कानातले केस उपटणारा एक कावळा. मालकानं कावळा सांगितला नव्हता. म्हैस काढून झाली तेव्हा ती मला एकटी वाटली, म्हणून काढला. साहेब स्कूटरवरून जाताना ती पाटी बघून थांबले, हसले, आणि दुकानात येऊन म्हणाले, "तो कावळा कुणाचा?" त्या कावळ्यामुळे मला नोकरी लागली.

पहिली काही वर्षं मी त्या कामावर जीव टाकला. खोटं कशाला सांगू, तसं काम पुन्हा मिळालं नाही. ड्राफ्ट्समननं आखलेली इमारत कागदावर कोरडी उभी असायची. मी कागद ओला करून त्यावर निळा रंग सोडायचो आणि कापसाचा बोळा टेकवून टेकवून ढग उचलायचो. झाडं स्पंजच्या तुकड्यानं टिपायची. जमिनीसाठी जुना टूथब्रश पातळ तांबड्या रंगात बुडवायचा आणि नखानं केस ओढायचे, की बारीक बारीक शिंतोडे उडून हुबेहूब मुरूम दिसायचा. खिडकीच्या काचेवर ब्लेडचं टोक ओढलं की ऊन चमकायचं. साहेबांना रस्ता ओला लागायचा. ओल्या रस्त्यात इमारतीचं प्रतिबिंब पडतं आणि इमारत दुप्पट उंच वाटते. त्यामुळे सोलापूरसारख्या गावात, जिथं पावसाची वाट बघून माणसं थकतात, आमच्या चित्रांतले सगळे रस्ते नुकताच पाऊस पडून गेल्यासारखे असायचे.

हे सगळं झाल्यावर माझी गंमत सुरू व्हायची. एका डॉक्टरांच्या दवाखान्याच्या चित्रात फाटकाशी मी पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस काढला, एका काखेत कुबडी आणि दुसऱ्या हातात भज्यांचा पुडा. डॉक्टर एवढे हसले की त्यांनी ते चित्र घरी नेऊन लावलं. एका सूतव्यापाऱ्याच्या बंगल्यापुढे मात्र माझी गंमत उलटली. त्याला पोर्चमध्ये परदेशी मोटार पाहिजे होती. ती मी काढली आणि मोटारीच्या मागची नंबरप्लेट हुंगणारं एक गाढवही काढलं. व्यापारी हसला नाही. साहेबांनी ब्लेड घेतलं आणि त्याच्यासमोरच गाढव खरवडून टाकलं. कागदावरचा वरचा पापुद्रा निघाला की रंगही निघतो. खाली पांढरा, केसाळ कागद उरतो आणि त्यावर पुन्हा रंग नीट बसत नाही. व्यापारी गेल्यावर साहेब म्हणाले, "गंमत करायची तर माणूस बघून करत जा." तेही खरंच होतं.

आम्ही तेव्हा एका चाळीत राहत होतो, मी आणि माझी बायको. एकच खोली, पुढे पत्र्याचा सोपा, आणि सगळ्या चाळीला मिळून एक नळ. बायको कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीची. तिच्या घरात कानडी चाले. माझ्याशी मराठीत बोलायची, पण राग आला किंवा पाय ठेचकाळला की कानडी. तिला मी चित्रांसाठी उभी करायचो. बाल्कनीत उभी असलेली बाई, पायरी चढणारी बाई, रस्त्यानं पिशवी घेऊन चाललेली बाई, या सगळ्या बायांची पाठ, मान आणि कोपर तिचं असायचं. चेहरा मात्र मी काढत नसे. चित्रातल्या माणसांना चेहरा नसतो, नुसता रंगाचा ठिपका असतो.

"किती येळ उबं ऱ्हायचं?" ती म्हणायची. "माझा भात करपाया लागलाय."

"झालं, झालं."

"कुनाच्या घरात उबी केलीय मला आज?"

"एका वकिलाच्या."

"वकिलाच्या घरात मी कशाला जाईन?" असं म्हणून ती आत जायची, पण जाताना कागदावर नजर टाकायचीच.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं, आणि त्याच वर्षी सोसायटीचं काम आलं.

सोसायटी गिरणीतल्या आणि कचेऱ्यांतल्या लहान नोकरदारांची होती. तिचे चेअरमन एका गिरणीत हेडक्लार्क होते. अंगानं आडवे, तोंडानं गोड. गावाबाहेर कुंभारीच्या वाटेवर त्यांनी जमीन बघितली होती. तिथं ओळीनं लहान लहान घरं बांधायची होती. दोन खोल्या, मोरी, पुढे अंगण. अडचण एकच होती, सभासद येत नव्हते. ज्यानं त्यानं जाऊन जमीन बघितली आणि नाक मुरडलं होतं. मीही साहेबांबरोबर गेलो होतो. मुरमाड माळ, एक वाळकी बाभूळ, आणि तिच्या सावलीत जेवढी मावतील तेवढी मेंढरं. मेंढक्या धनगरानं आम्हाला विचारलं, "पानी हाय का कुटं, सायेब?" साहेबांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

परत आल्यावर साहेब मला म्हणाले, "चित्र असं काढा, की बघणाऱ्याला आजच बिऱ्हाड हलवावंसं वाटलं पाहिजे."

चेअरमन ऑफिसात बसलेच होते. मी पेन्सिलनं झाडांच्या जागा धरत होतो तशी त्यांची खुर्ची पुढे पुढे येत होती. "आवो पेंटर, तुमी कुटं राहताय?" त्यांनी विचारलं. मी चाळीचं नाव सांगितलं.

"आन् तितं कशापायी राहताय? आमच्यात या की. एवडं चित्र काडताय, एक घर तुमचं धरा. हे कोपऱ्यावरलं. दोन बाजूंनी वारा लागतोय." त्यांनी बोट कागदावर टेकवलं. बोटाचा घाम कागदावर उमटला. "काय सायेब, माजा शब्द हाय. पेंटरला कोपऱ्यावरलं घर."

साहेब म्हणाले, "ऐका, पेंटर, चेअरमन स्वतः म्हणतायत. सभासदाचे हप्ते तुमच्या पगारातून देता येतील."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "नळ कुटं हाय?"

"कसला नळ?"

"त्या घरात. आत हाय का भायेर?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नकाशा बघितला. नळ मोरीत दाखवला होता. चित्रात मोरी दिसणार नव्हती. म्हणून मी अंगणात एक नळ काढला, तोटीतून पाण्याची धार पडणारा. रात्री घरी आल्यावर तिला सांगितलं तशी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ती बोलायला लागली. धुण्याचा दगड नळाजवळ पाहिजे, पण तोटीच्या अगदी खाली नको, घागर ठेवायला जागा राहत नाही. दोरी पश्चिमेला बांधायची. पेरूचं झाड पाहिजे, पण भिंतीपासून लांब, मुळं पाया उचलतात, तिच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, घरात तसं झालं होतं. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे पाहिजे. कोण आलं, कोण गेलं, ते चुलीपुढून उठल्याशिवाय कळलं पाहिजे.

"खिडकी मला हलवता येणार न्हाई," मी म्हणालो. "ती साहेबांनी काढलीय."

"सायबाला म्हना की. त्याच्या बायकूलाबी इच्यारा म्हनावं."

मी साहेबांना विचारलं. साहेबांनी क्षणभर नकाशाकडे बघितलं आणि खरोखरच सगळ्या घरांच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला आणल्या. तेवढं एक तरी माझ्या बायकोमुळे त्या वसाहतीत झालं.

ते चित्र मी जेवढं मनापासून केलं तेवढं दुसरं कुठलंच केलं नाही. बाकीच्या घरांतही गमती घातल्या. एका छपरावर मांजर, तारेत अडकलेला पतंग, उंबऱ्यात बसून दुसऱ्याच्या डोक्यावरचे पांढरे केस उपटणारा म्हातारा, सायकलच्या चेनीत धोतर अडकून रस्त्यात एका पायावर नाचणारा माणूस. पण कोपऱ्यावरच्या घरात मी गंमत केली नाही. तिथं तिला काढलं. तिच्याकडे एक हळदी रंगाचं इरकली लुगडं होतं, लाल काठाचं, लग्नातलं. ते नेसून ती नळाशी उभी आहे, एक हात तोटीवर, पदर खोचलेला, मान रस्त्याकडे वळवलेली. आणि पहिल्यांदाच मी ठिपक्याच्या जागी चेहरा काढला. नखाएवढा. नाक, नाकातली चमकी, हनुवटीवरचं गोंदण. त्यासाठी पाच-सहा केसांचा ब्रश केला होता. तिला दाखवायला तो कागद घरी आणता येत नव्हता, म्हणून जेवणाचा डबा घेऊन ती ऑफिसात आली तेव्हा दाखवला. ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"चमकी डावीकडं पायजे," ती म्हणाली.

"डावीकडेच हाय. तुला आरशात बघायची सवय झालीय."

"व्हय का," असं म्हणून तिनं नाकाला हात लावून बघितलं, आणि ड्राफ्ट्समन हसतोय असं दिसल्यावर डबा तिथंच ठेवून पळाली.

एका शाळेच्या हॉलमध्ये सोसायटीची सभा झाली. पुढे टेबलावर चित्र उभं केलं होतं. बाहेर झाडांची पानं करपून गेलेली, शहरात पाण्याच्या टँकरमागे माणसं धावत होती, आणि चित्रात सगळीकडे हिरवं, रस्ता ओला, नळाला धार. माणसं एकेक करून पुढे आली आणि मग हटेनात. चेनीत धोतर अडकलेला माणूस बघून एक जण ओरडला, "अरं, ह्यो तर आपला शिपाईमामा!" शिपाईमामांनी जवळ जाऊन नीट बघितलं आणि म्हणाले, "माझं धोतर एवडं सोच्छ कवा हुतं?" सगळा हॉल हसला. एक म्हातारा गिरणीकामगार कडुनिंबाच्या झाडाला बोट लावून म्हणाला, "ह्याच्याखाली बाज टाकायची." जे आधी नाक मुरडत होते तेच आपापलं घर कोणतं ते भांडून ठरवू लागले. जाण्याआधी बऱ्याच जणांनी चेअरमनकडे नाव दिलं. चेअरमन मला मिठी मारून म्हणाले, "जिकलं, पेंटर! तुमच्या कुंचल्यानं जिकलं."

बायकोही चाळीतल्या दोन-तीन बायांना घेऊन आली होती. हॉलच्या मागच्या दारातच त्या उभ्या होत्या. तिनं बोट दाखवून काहीतरी सांगितलं आणि त्या सगळ्या तिच्याकडे वळून बघू लागल्या. तेवढ्या वेळात मी तिच्या अंगावरचं ते हळदी लुगडं बघितलं. ती तेच नेसून आली होती.

घरं उभी राहायला वेळ लागला. सिमेंट मिळत नव्हतं, मग पाणी मिळत नव्हतं, मग दोन्ही मिळालं तर गवंडी मिळत नव्हते. दर महिन्याला साहेब माझ्या पगारातून हप्ता कापून सोसायटीला भरत होते. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं चालत माळावर जायचो. कोपऱ्यावरच्या घराचा पाया भरला तेव्हा ती आत उतरून चुलीच्या जागी उभी राहिली आणि खिडकीची जागा धरून बाहेर बघू लागली. पुढच्या खेपेला भिंती छातीएवढ्या झाल्या होत्या. तिनं गवंड्याला बजावून सांगितलं, "हितं फडताळ सोडा." गवंडी माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी तर मालकिनीवानी सांगत्यात." ती म्हणाली, "हायच मी मालकीन." तिनं पेरूचं कलम करून माती भरलेल्या डब्यात ठेवलं होतं. चाळीच्या नळावर भांडण झालं की ती घागर घेऊन परत यायची आणि म्हणायची, "भांडा म्हनावं. मला काय, दिवाळीला जायाचंय." ती दिवाळी गेली. पुढची आली.

आता मला कळतं, की तिथंच आमचं नुकसान झालं. आधी ती चाळीतली खोली आम्हाला पुरत होती. पत्रा तापायचा, नळावर रांग असायची, शेजारच्या घरातलं सगळं ऐकू यायचं, पण आम्हाला ते खुपत नव्हतं. ते चित्र काढलं आणि त्या खोलीत एकेक गोष्ट खुपायला लागली. बायको म्हणायची, "हितला वास आधी न्हवता." वास आधीपासूनच होता.

घरं तयार झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं ठरलं. चेअरमननी मला सांगितलं, "तुमी कशाला येताय? तुमचं ठरल्यालं हाय की." म्हणून मी सभेला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ते आधी कधीच दार लोटत नसत.

"बसा," ते म्हणाले. मी उभाच राहिलो. "असं झालंय, की आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या माणसाला सोसायटीत घर देता येत नाही. नियमात बसत नाही. कोणीतरी तक्रार केली तर माझंच नाव खराब होईल. तुमचे हप्ते परत मिळतील, त्याची काळजी करू नका."

"आणि कोपऱ्यावरचं घर?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "ते चेअरमनच्या जावयाला गेलंय."

जावई जकात नाक्यावर नोकरीला होता. सभासद कधी झाला होता देव जाणे. मी तसाच उठून गिरणीच्या फाटकाशी गेलो आणि चेअरमन सुटण्याची वाट बघत उभा राहिलो. ते बाहेर आले, मला बघितलं, आणि त्यांनी ओळखीचं हसू आणलं.

"तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणालो.

"दिलता की. न्हाय कोन म्हनतंय? पर नियम हाय, पेंटर. माज्या हातात काय हाय सांगा." एवढं बोलून ते सायकलला टेकले. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "आन् खरं सांगू का, त्या येळला तुमचं चित्र चांगलं व्हावं म्हनून मी म्हनलो आसंन. मानसाला हुरूप आला की हात चालतोय. तुमी ते एवडं मनावर घेताल आसं वाटलं न्हवतं."

त्यांना शिव्या घालाव्यात, सायकल ढकलून द्यावी, असं पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं, पण तेव्हा मी नुसता बघत राहिलो. ते घंटी वाजवत गेले.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं, रडेल. ती रडली नाही. ती कलम केलेला पेरू ठेवलेला डबा होता तिथं जाऊन बसली आणि म्हणाली, "मग ती मी तितं काय करतीय?"

"कोण?"

"चित्रातली. तिला काडा तितनं. दुसऱ्याच्या नळावर कशाला उबी हाय ती?"

चित्र तर तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. मी म्हणालो, "आता ते आपल्या हातात न्हाई." ती उठली आणि आत गेली. त्या दिवशी मराठी नाही आणि कानडीही नाही.

वसाहतीचं उद्घाटन मोठ्या थाटात झालं. साहेबांनी मला यायलाच लावलं. मांडव घातला होता, बेंजो वाजत होता. झाडं अर्थातच नव्हती. माळ तसाच होता. फक्त बाभूळ तोडून टाकली होती. सोसायटीच्या ऑफिसात पाहुणे चित्र बघत होते आणि चेअरमनची मुलगी, म्हणजे त्या जावयाची बायको, चौकटीशेजारी उभी होती. नायलॉनची साडी, डोळ्यांना गॉगल. ती एका बाईला म्हणाली, "हे आमचं घर. आणि ही मी." ती बाई म्हणाली, "अगं, पण ही तर नऊवारीत आहे." मुलगी म्हणाली, "हो ना. पेंटरनं चुकवलंय." आणि मला बघून तिनं हाक मारली, "तुम्हीच ना ते? एवढं बदलून द्याल का? साडी गुलाबी करा. आणि ते हनुवटीवरचं काढून टाका, खेडवळ दिसतं. आणि शेजारी आमचा बाळ काढा, रांगता."

मी तसाच तिथून निघालो. पण दोनच दिवसांत चौकट उघडून चित्र माझ्या टेबलावर आलं. साहेब जाता जाता म्हणाले, "चेअरमनकडून आलंय. तासाभराचं काम आहे, करून टाका. पुढच्या टप्प्याचं काम त्यांच्याच हातात आहे."

चित्र माझ्यापुढे पडलं होतं. मी गुलाबी रंग कालवलासुद्धा नाही. ड्राफ्ट्समन आपल्या कागदात मान खुपसून बसला होता. दुपारी बायको डबा घेऊन आली. ऑफिसात फारसं बोलत नसे ती. टेबलापाशी आली, चित्र बघितलं, आणि विचारलं, "हे हितं कसं?"

मी सांगितलं. गुलाबी साडीचं सांगितलं, गोंदणाचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. बाळ म्हटल्यावर ती थोडी थांबली. आम्हाला तोवर मूल नव्हतं, एक होऊन गेलं होतं.

"ब्लेड कुटाय तुमचं?" तिनं विचारलं.

मी ब्लेड दिलं नाही. मीच घेतलं. ती बघत उभी राहिली आणि मी आधी चेहरा खरवडला, मग हात, मग लुगडं. कागद जाड होता, तरी पातळ होत गेला. नळ राहिला, पाण्याची धार राहिली, आणि तिच्या जागी बाईएवढं एक पांढरं, केसाळ ठिगळ. "सावलीबी काडा," ती म्हणाली. जमिनीवर तिची जांभळी सावली पडली होती. ती काढायला जास्त वेळ लागला, कारण खाली शिंतोड्यांचा मुरूम होता. काढून झाल्यावर ती डबा ठेवून निघून गेली.

साहेबांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. "हे काय केलंत?"

"बाई काढून टाकली."

"मग तिथं ती दुसरी काढा."

"मी काढणार नाही, साहेब."

"एका बाईसाठी? अहो, चित्रातली बाई ती!"

"ती माझी बायको आहे."

"मला माहितीय," साहेब म्हणाले, आणि मला आजही त्याचाच जास्त राग येतो. त्यांना माहीत होतं. बघितल्यापासून माहीत होतं. "पेंटर, मी तुम्हाला घर देऊ शकलो नाही, हे मला मान्य आहे. पण माझं ऑफिस बुडवायचा तुम्हाला हक्क नाही. उद्या सकाळपर्यंत विचार करा."

मी उद्यापर्यंत थांबलो नाही. माझे ब्रश, स्पंज आणि टूथब्रश कागदात गुंडाळले आणि जिना उतरलो. चित्र नंतर दुसऱ्या एका पेंटरनं पुरं केलं. मी ते एकदा जाऊन बघितलं. खरवडलेल्या कागदावर गुलाबी रंग फुटला होता. गॉगलवाली बाई नळाशी उभी होती, पण पाय जमिनीला टेकलेले नव्हते आणि सावली दिली नव्हती. बाळ रांगत नव्हतं, पडलेलं वाटत होतं. कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं तेवढं बरंही वाटलं नाही.

त्यानंतर काही महिने मी पुन्हा पाट्या रंगवल्या. घरात आम्ही फारसं बोलत नव्हतो. मला वाटत होतं, मी तिच्यासाठी नोकरी सोडली, तर ती मला काहीतरी बोलेल. एकदा मी ते बोलून दाखवलं. ती नळावरून आली होती, कोणीतरी तिची घागर रांगेतून बाजूला केली होती.

"माज्यासाठी?" ती म्हणाली. "तितं मला काडायच्या आदी इच्यारलं हुतं का? मी हितं बरी हुते. तुमी मला तितं निऊन उबी केली, पानी दाकवलं, आन् परत आनलं. आता मला हितं ऱ्हावत न्हाय." पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी अव्वाकडं जानार. तुमी येनार आसाल तर या."

ती खरोखर गेली. मी आठवडाभरानं एसटीनं मैंदर्गीला गेलो, तिला आणायला म्हणून. ती यायला तयार नव्हती. तिच्या भावाची पिठाची गिरणी होती, त्याच्या मागची खोली त्यानं दिली. मी तिथंच राहिलो. गावात पाट्या रंगवायला लागलो. निम्म्या पाट्या कानडीत असायच्या. मला ती लिपी यायची नाही. बायको खडूनं जमिनीवर अक्षरं काढून द्यायची आणि मी ती फळीवर उतरवायचो. एकदा एका किराणा दुकानाच्या पाटीत मी काना दिला नाही, तर मालक म्हणाला तेलाचं भलतंच काहीतरी झालंय. बायको हसत सुटली, कितीतरी दिवसांनी. मला ते हसणं आवडलं आणि रागही आला.

साहेब एकदा आमच्या जवळच्या अक्कलकोटला देवदर्शनाला आले होते तेव्हा एसटी स्टँडवर भेटले. केस पिकले होते. म्हणाले, "तुमच्यासारखी झाडं कुणाला जमत नाहीत हो. परत या. आता सगळीकडे मोठमोठी कामं आहेत." मी विचारलं, कोपऱ्यावरच्या घराचं काय झालं. ते म्हणाले, जावयानं ते भाड्यानं दिलं, त्याला शहरात जागा मिळाली. नळाला पाणी? साहेब जरासे हसले. "टँकर येतो. अहो, तिथं पाणी होतंच कुठं?" मी त्यांना चहा पाजला. त्यांनी परत यायचं पुन्हा विचारलं नाही.

आम्हाला पुढे एक मुलगी झाली. तिची शाळा इथंच झाली, बायकोची माणसं इथंच होती, दिवस बरे गेले असंच म्हणायला पाहिजे. तरी कधी नवा पाहुणा येतो आणि विचारतो, सोलापुरात एवढी चांगली नोकरी होती, मग सोडून इकडे कशाला आलात? मी काही बोलायच्या आत बायकोच उत्तर देते.

"ह्यांना तितली हवा मानवली न्हाय," असं म्हणते, आणि चहा टाकायला आत जाते.